कुणाची गं तू?

आमच्या लहानपणी गावात कुणीही म्हातारं माणूस वाटेत अडवून विचारी, "कुणाची गं तू?" आपलं नाव नंतर, आधी वडिलांचं, मग आजोबांचं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेलिक भाषेत अगदी हाच प्रश्न विचारतात, 'को लेश ऊ?' हे वाचलं आणि मी त्या भाषेच्या गाण्यांच्या मागेच लागले!

तिथल्या बायका विणलेलं लोकरी कापड फळीभोवती बसून तालात आपटत, म्हणजे ते आटून दाट होई. (कापड शिळ्या मूत्रात भिजवत. नाक मुरडू नका, आपणही गोमूत्र शिंपडतोच की!) एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचं. मला आईचं जातंच आठवलं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावलं. हजारो कुटुंबं कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेली. जमीन सुटली, गाणी बरोबर गेली. तिकडे तर कापड आपटायला पुरुषही बसू लागले. मागे राहिलेल्यांच्या शाळांचं काय? १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती, मुलांना ती बोलल्याबद्दल शिक्षा होई. इथे मात्र मी थांबले. वर्गात मीही मुलांची घरची बोली 'अशुद्ध' म्हणून लाल शाईने खोडली आहे. असो.

मार्गारेट फे शॉ ही स्कॉटिश वंशाची अमेरिकन मुलगी. आईवडील लहानपणीच गेलेले. स्कॉटलंडच्या शाळेत तिने ही गाणी पियानोच्या साजात ऐकली आणि मूळ गाणी शोधायचं मनात घेतलं. १९२९ मध्ये ती साउथ युइस्ट बेटावर आली आणि दोन मॅकरे बहिणींच्या घरी सहा वर्षं राहिली. भाषा शिकली, गाणी उतरवली. १९३७ मध्ये पती जॉन लॉर्न कॅम्पबेलसह ती नोव्हा स्कोशियाला गेली. बॅरा बेटावरून शंभरावर वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या वंशजांकडे तीच कापडाची गाणी होती! त्यांनी ती मुद्रित केली. ती २००४ मध्ये वारली, १०१ वर्षांची होऊन.

२०१० पासून 'टोबर अन दुआल्खस' या संकेतस्थळावर अशी हजारो जुनी मुद्रणं ऐकता येतात. कुणा नातवाला तिथे आपल्या पणजीचा आवाज सापडत असेल.

माझ्या आईच्या ओव्यांपैकी मला तीनच येतात. परवा सुनेला म्हटलं, फोनवर टिपून घे गं. तिसरीच्या मध्येच अडखळले. ती म्हणाली, "आई, पुन्हा पहिल्यापासून म्हणा."