वसतिगृहाची भिंत आणि ज्ञानाची तार

शिक्षणाचा प्रश्न आमच्या समाजापुढे आधी राहण्याचा प्रश्न म्हणून उभा राहिला, शिकण्याचा म्हणून नंतर. शाळेचे दार कायद्याने उघडले, तरी शाळेच्या गावात अंग टाकायला जागा कोण देणार? ज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, त्यांनी लिहिलेल्या शिक्षणाच्या इतिहासात वसतिगृहाला फार तर दोन ओळी मिळतात. आमच्या इतिहासाचे ते पहिले प्रकरण आहे. आज महाविद्यालयांच्या आवारात संगणकांचे जाळे पसरते आहे आणि विद्यार्थ्याचे राहणे व शिकणे त्या जाळ्याने जोडू, असे सांगितले जाते. अशा वेळी हे पहिले प्रकरण पुन्हा उघडून पाहावे, असे मला वाटते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे उभी केली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली निघाले. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १९४५ साली आली आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी निवारा आणि जेवण, मग महाविद्यालय.

मराठवाड्याची अवस्था अधिक बिकट होती. निजामी राजवटीत पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. नागसेनवनाच्या आवारात वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह ही तीन ठिकाणे पायी अंतरावर आली. राहणे आणि शिकणे यांना जोडणारी ती आमची पहिली तार होती, आणि ती विजेशिवाय चालत होती.

मी तिथे १९७२ च्या दुष्काळात आलो. आमचा परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, तेव्हा आम्ही जालन्याचे झालो. वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मीटरगेजच्या गाडीने मी औरंगाबादला उतरलो तेव्हा जवळ एक वळकटी आणि गुणपत्रिका, एवढेच होते. वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघे होतो आणि अर्थशास्त्राचे पुस्तक चौघांत एक. रात्री एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. वर्गात इंग्रजीतून जे डोक्यावरून जाई, ते वरच्या वर्गातला एखादा मुलगा जेवणानंतर आमच्या बोलीत उलगडून सांगे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, कोणत्या खात्यात जागा निघाल्या, कोणत्या गावात पाणवठ्यावरून मारहाण झाली, हे सारे त्याच खोल्यांतून कळत असे. माझे अर्धे शिक्षण वर्गात झाले आणि अर्धे त्या खोलीत. दोन्हींतले कोणते अर्धे मोठे, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता यंत्राच्या जाळ्याचा इतिहास पाहू. भारतात शिक्षणसंस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६ साली सुरू झाले. त्यात प्रथम पाच आय.आय.टी., बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईचे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्राचे इलेक्ट्रॉनिक्स खाते, एवढेच होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. विद्यापीठे आणि महाविद्यालये जोडण्याचे राष्ट्रीय अभियान २००९ साली आले, राष्ट्रीय ज्ञान जाळे २०१० साली. म्हणजे तार प्रथम पोचली ती जिथे विद्यार्थ्याला खोली, जेवण आणि ग्रंथालय आधीच मिळाले होते तिथे. आय.आय.टी.सारख्या निवासी आवारांत तार खोलीपर्यंत जाऊ शकली, कारण मुळात खोली होती.

आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अलीकडे गेलो होतो. प्राचार्यांच्या कचेरीत, संगणक कक्षात आणि ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात वाय-फाय होते. संध्याकाळी पाचला शिपायाने कुलूप लावले आणि त्याबरोबर जाळेही बंद झाले. आमच्या वस्तीतली एक मुलगी तिथे शिकते. तिला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही. भाड्याची खोली शोधताना घरमालकांनी आधी आडनाव विचारले, मग खोली नाही म्हणून सांगितले. चौथ्या ठिकाणी खोली मिळाली. तिचा अभ्यास सुरू होतो तो पाचनंतर, आणि तेव्हा ती जाळ्याच्या बाहेर असते.

अशांसाठी शासनाने २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आणली. सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यास वर्षाला ४३,००० रुपये ठरले : भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. योजना मोलाची आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या तीन रकान्यांत ग्रंथालयाचा रकाना नाही, जाळ्याचा नाही, आणि अवघड धडा बोलीत उलगडून सांगणाऱ्या त्या वरच्या वर्गातल्या मुलाचाही नाही. वसतिगृहाऐवजी रोख रक्कम दिली की निवाऱ्याची सोय होते, सोबत मात्र हरवते.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शंभर घरांपैकी सुमारे चार घरांत संगणक होता आणि पंधरा घरांत इंटरनेटची सोय. शहरांत हेच आकडे तेवीस आणि बेचाळीस होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, वसतिगृहे रिकामी झाली आणि वर्ग तारेवर गेले. तेव्हा या आकड्यांचा अर्थ कळला. ती मुलगी त्या वेळी शाळेत होती. आई कापूस वेचायला गेली की घरातला एकुलता मोबाइलही तिच्याबरोबर रानात जाई.

जाळ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. केरळात मुलींच्या एका वसतिगृहाने संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरण्यास बंदी केली. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहाबाहेर काढण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. अधीक्षकाची वही आम्हाला माहीत होती. यंत्राची वही तिच्याहून बारीक असते : कोण किती वाजता आत आले आणि कोणत्या पानावर गेले, हे त्यात नोंदवता येते. तार खोलीपर्यंत यावी, पण पाळतीची वही होऊन नव्हे.

मार्ग नाही असे नाही. ‘एन-लिस्ट’ या योजनेत २०१० पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्याला एका परवलीच्या शब्दावर हजारो नियतकालिके आणि पुस्तके आवाराबाहेरूनही वाचता येतात. आपल्या महाविद्यालयाने ती घेतली आहे का, आणि घेतली असेल तर तो शब्द मुलांच्या हाती पोचला का, हे विचारायला मोर्चाही लागत नाही. ग्रंथपालांच्या टेबलापर्यंत गेले तरी पुरे. शासकीय वसतिगृहात रात्री चालणारी जोडणी आणि स्वाधारच्या मुलांना संध्याकाळी उघडे राहणारे ग्रंथालय, या मागण्या मात्र संघटनेनेच लावून धरायच्या आहेत.

आपल्या जिल्ह्यात पुढच्या वेळी एखादे आवार ‘जोडले’ म्हणून फलक लागेल, तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत. तार वसतिगृहाच्या भिंतीपलीकडे गेली का? आणि ज्याला वसतिगृहच मिळाले नाही, तो रात्री कुठे बसून वाचतो?