घाटाची कसोटी

मोटारीच्या इतिहासात कोल्हापूरचे नाव एका ठिकाणी अगदी अनपेक्षितपणे येते. १९०८ साली मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारगाड्यांची एक कसोटी ठेविली होती. एकंदर पल्ला ६२० मैलांचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे हजार किलोमीटरांचा. वाटेत सहा अवघड घाट. या कसोटीत पहिला मान मिळाला तो रोल्स-रॉइस कंपनीच्या एका गाडीस. तिचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचे मोती. ती चालविणारा फ्रँक नॉर्बरी नावाचा गृहस्थ. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंदे यांनी ती विकत घेतली.

मोटारींच्या बहुतेक इतिहासांत ही हकीकत दोन ओळींत सांगून टाकलेली असते, आणि ती सांगण्याचा हेतू संस्थानिकांच्या वैभवाकडे बोट दाखविण्याचा असतो. आम्हांस तीत निराळाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. गाडी आधी घाट चढली आणि मग विकली गेली. नव्याने जाहीर झालेले, स्वतःच्या बळाची मोठी ख्याती सांगणारे आणि महागडे असे यंत्र घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनी कसा सोडविला, याचे हे चांगले उदाहरण आहे. हा प्रश्न आता संस्थानिकांपुरता राहिलेला नाही. आमच्या कोल्हापुरातील सुशिक्षित व मिळवत्या कुटुंबांच्या ओसरीवर तो येऊन बसला आहे. म्हणून ही जुनी गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

ज्या जातीची ही गाडी, ती रोल्स-रॉइसने १९०६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या प्रदर्शनात प्रथम मांडली. सहा सिलिंडरांचे, सात लिटरांचे इंजिन. प्रत्यक्ष बळ सुमारे ४८ अश्वशक्ती. आज कोल्हापूरच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या साध्या घरगुती मोटारींतही याहून अधिक बळ असते, हे वाचून तरुण वाचकांस हसू येईल. परंतु त्या काळी हे मल्लाचे बळ होते. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन हे जाहिरातीच्या कलेत निष्णात होते. गाडी उत्तम आहे असे नुसते छापून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९०७ साली त्यांनी एक गाडी रुपेरी रंगवून तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव दिले आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली ती लंडन व ग्लासगो यांच्या दरम्यान फिरवीत ठेविली. सुमारे ६०० मैलांनंतर रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाल्यामुळे ती एकदा थांबली; त्यानंतर १४,३७१ मैल ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. १५,००० मैल पुरे होताच ती उघडून तिचा भाग न् भाग तपासण्यात आला. झिजलेले भाग बदलून ती पुन्हा नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सामानाची किंमत दोन पौंडांच्या किंचित वर निघाली. म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ३२ रुपये. यात व्यापारी धूर्तपणा होता हे उघड आहे. परंतु निरीक्षक परका होता, आणि यंत्र फसले असते तर तेही साऱ्या जगास कळले असते. हल्लीच्या जाहिरातदारांपैकी इतका धोका पत्करणारे आम्हांस फारसे दिसत नाहीत.

तथापि इंग्लंडचे रस्ते निराळे व आपले निराळे. मुंबईहून कोल्हापुरास यावयाचे म्हणजे प्रथम बोरघाट, मग पुणे ओलांडल्यावर कात्रज, पुढे खंबाटकी. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला, आगगाडी १८६३ साली वर चढली. पण हे रस्ते बैलांच्या चालीस अनुसरून केलेले होते. चढावर इंजिन सारखे ओढत राहिले पाहिजे, पाणी उकळता कामा नये, वळणावर वेग मोडल्यावर पुन्हा उठाव घेता आला पाहिजे. उतार तर त्याहून कठीण, कारण त्या गाड्यांना रोधक केवळ मागच्या चाकांना असत. त्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे खरे बळ पुष्कळ फिरण्यात नव्हते. मिनिटास अवघे १,२५० फेरे घेताना ते आपली पूर्ण शक्ती देई. मंद गतीने, न धापता ओढीत राहणे हा त्याचा गुण, आणि घाटास नेमका तोच गुण लागतो. सपाटीवर दोन गाड्यांतील अंतर शब्दांनी झाकता येते. कात्रजच्या चढावर ते झाकत नाही.

आता किमतीकडे वळू. त्या काळी या गाडीचा नुसता सांगाडा, म्हणजे इंजिन, चौकट व चाके, ९८५ पौंडांस मिळे. वरचा साज कारागिराकडून निराळा करून घ्यावा लागे व त्याचे दाम निराळे. पौंडास १५ रुपये धरले तर सांगाड्याचेच १४,७७५ रुपये होतात. फर्ग्युसन महाविद्यालयातील आजीव सभासद त्या काळात महिना ७५ रुपये घेत असत. गोपाळराव गोखल्यांसारख्या पुरुषाने त्या वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. हिशेब केला तर त्या प्राध्यापकाचे सोळा वर्षांहून अधिक काळाचे संपूर्ण वेतन नुसत्या सांगाड्यात गेले असते. ग्वाल्हेरच्या महाराजांपुढे असला हिशेब नव्हता. माधवरावांना यंत्रांची आवड उपजतच होती. त्यांच्या संस्थानातील दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी व जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची गाडी या गोष्टी प्रसिद्ध आहेत. ज्याचा खजिना प्रजेच्या साऱ्यातून भरतो, त्याने मोटार घेतली काय अन् न घेतली काय, त्याच्या घरची चूल अडत नाही. त्याच्या निवडीचे कौतुक करावे, पण त्याची ऐपत आपल्या अंगावर घेऊ नये.

ज्या कोल्हापुरापर्यंत ती गाडी धावली, तेथे त्या वेळी शाहू महाराज गादीवर होते. कोल्हापूर-मिरज आगगाडी १८९१ पासून सुरू होती, तेव्हा येथे येण्यास मोटारच पाहिजे अशी अडचण कोणासही नव्हती. दरबारचा पैसा त्या दशकात कापडाच्या गिरणीकडे व भोगावतीवरील धरणाच्या योजनेकडे वळत होता. महाराजांस बळाची आवड कमी होती असे मात्र कोणी म्हणणार नाही. घोडे, शिकारी चित्ते, पैलवान, सर्व काही त्यांनी हौसेने बाळगले, आणि १९१२ साली बांधलेले खासबाग मैदान ही तर त्या हौसेची खूण आजही उभी आहे. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत मायबाख ही जर्मन गाडी छत्रपतींच्या वाड्यावर आली. मायबाखचा कारखाना १९०९ साली निघाला तो झेपेलिन विमानांची इंजिने बनविण्यासाठी. मोटारींकडे तो १९२१ मध्ये वळला. दसऱ्यास सीमोल्लंघनासाठी राजघराण्यातील मंडळी त्या गाडीतून दसरा चौकात येतात, तेव्हा मुलांना खांद्यावर घेऊन लोक ती पाहावयास उभे राहतात. आम्हीही पाहतो. मिरवणुकीपुरती वर्षातून एकदा बाहेर येणारी गाडी आणि रोज दारात उभी राहणारी गाडी यांची गणिते मात्र निराळी असतात.

जुन्या मराठ्यांस हे गणित पक्के ठाऊक होते. दारी हत्ती झुलणे ही थोरवीची परिसीमा खरी. पण हत्तीबरोबर माहूत येतो, चारा येतो, आणि सरदारी खालावली तरी हत्तीची भूक खालावत नाही. त्याहून बोधक आहे ती शिलेदार आणि बारगीर यांची गोष्ट. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. शिलेदाराचा मान मोठा; परंतु लढाईत घोडा पडला तर नुकसान त्याचे एकट्याचे, म्हणून ऐन रणात तो घोडा जपू लागतो, अशी तक्रार इतिहासात वारंवार ऐकू येते. जे वाहन गमावण्याची भीती मनातून जात नाही, ते मनसोक्त दौडवता येत नाही. हल्ली सात वर्षांच्या हप्त्यांवर गाडी घेणारा स्वतःस शिलेदार समजतो. कागद पाहिले तर तो बँकेचा बारगीर असतो, आणि नुकसानीची भीती मात्र त्याला शिलेदाराची असते! दोन्ही पदांतील तोटा एकाच माणसाच्या वाट्यास येण्याचा हा योग आमच्या पूर्वजांस सुचला नव्हता.

मधल्या काळात निवडीचा प्रश्नच उरला नव्हता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी सरकारी अडथळ्यांना न जुमानता १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट व पुढे पद्मिनी या गाड्यांसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहात. त्या पिढीस गाडी मिळे तेव्हा तिचे सर्व गुणदोष आधीच शेजाऱ्याच्या गाडीवरून पाठ झालेले असत. सक्तीने का होईना, धीर शिकविला गेला.

बळाच्या गाडीचा आजचा अवतार अमेरिकेतला. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरांचे मोठे इंजिन बसवून ‘जीटीओ’ काढली. एवढे मोठे इंजिन अशा गाडीत घालू नये असा वरच्या कंपनीचाच नियम होता; तो ‘ग्राहकाने मागितलेला जादा साज’ या नावाखाली चुकविण्यात आला. पहिल्याच वर्षी अशा ३२,००० वर गाड्या खपल्या. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणू लागले. आम्ही कोल्हापूरकर त्यांस खुशाल पैलवान मोटार म्हणावे. शरीर मध्यम, छाती मोठी, खुराक दांडगा. खुराकाचा प्रश्नच त्यांस शेवटी भोवला. धुरावरील कायदे, विम्याचे चढते हप्ते आणि १९७३ ची तेलटंचाई यांपुढे त्यांतील बहुतेक पैलवान आखाडा सोडून गेले. त्याच १९६४ च्या एप्रिलात फोर्डने ‘मस्टँग’ जाहीर केली, तेव्हा पहिल्या दिवशीच सुमारे २२,००० लोकांनी ती मागितली. १९०६ मध्ये प्रदर्शन, १९०७ मध्ये १५,००० मैल, १९०८ मध्ये आमचे घाट, असा जो क्रम होता तो येथे एका दिवसात आटोपला.

आमचा एक जुना विद्यार्थी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा कारखाना चालवितो. नुकत्याच जाहीर झालेल्या अशाच एका बळकट गाडीसाठी आगाऊ रक्कम भरावी काय, असे त्याने आम्हांस विचारले. रक्कम लहान नव्हे. तेवढ्यात कारखान्यात एक नवे यंत्र बसेल व चार माणसांस काम मिळेल, हे त्यानेच सांगितले. त्याच्या पत्नीचे मत मुलीच्या शिक्षणाकडे आहे, हेही त्याने लपविले नाही. वीस वर्षे भट्टीच्या आचेत उभे राहून मिळविलेल्या पैशातून मनाची एक हौस पुरवावी, ही इच्छा आम्हांस हास्यास्पद वाटत नाही. खुराक परवडत असेल तर पैलवान जरूर पाळावा. पण आम्ही त्यास विचारले, “तुमच्या कास्टिंगचे गिऱ्हाईक चित्र पाहून माल उचलते काय?” तो म्हणाला, “नाही सर. आधी नमुने जातात. ते मोजतात, कापून पाहतात, महिनोन् महिने तपासतात, मग ऑर्डर.” मोटारीच्या कारखान्यांना तो जे भाग पुरवितो, त्यांतील एकही भाग ते कारखाने न तपासता घेत नाहीत; आणि ते सर्व भाग जोडून झालेली गाडी त्याने मात्र न पाहता घ्यावी, अशी त्यांची अपेक्षा!

म्हणून आमचे मत असे पडले की एक वर्ष थांबावे. वर्षभरात पहिल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना पावसाळा लागेल, दुरुस्तीची बिले येतील, सुटे भाग किती दिवसांत पोचतात ते कळेल. आयात गाड्यांच्या बाबतीत तर हे फार पाहावे लागते. मस्टँग आपल्याकडे २०१६ मध्ये सुमारे ६५ लाखांस विकावयास आली. २०२१ च्या सप्टेंबरात तिच्या कंपनीने भारतात मोटारी बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. गाडीचे बळ चारशे अश्वशक्तीचे असले तरी कंपनी निघून जाण्याच्या निर्णयापुढे ते चालत नाही. वेगाचे म्हणाल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सुद्धा ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा आहे, आणि घाटात त्याहून कमी.

तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने विक्रेत्यास तेथल्या तेथे फोन लावला आणि गाडी आली की पैसे भरण्यापूर्वी ती पन्हाळ्यापर्यंत, चार माणसे बसवून, वर नेऊन खाली आणू द्याल काय, असे विचारले. विक्रेत्याने वरिष्ठांस विचारून कळवितो म्हणून सांगितले. त्यास तीन आठवडे झाले. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि आगाऊ रक्कमही अजून बँकेतच आहे.