वायव्य की आग्नेय?

१९५८ साली लिबियाच्या वाळवंटावरून जाताना तेलसंशोधकांना वाळूत पडलेले एक विमान दिसले. पुढच्या वर्षी माणसे तिथवर पोचली. ते होते ‘लेडी बी गुड’, ४ एप्रिल १९४३ रोजी बेपत्ता झालेले अमेरिकी बाँबफेकी विमान. ते समुद्रात बुडाले असावे, अशीच तोवर समजूत होती. आत एकही माणूस नव्हता. रेडिओ मात्र अजून चालत होता!

इटलीतल्या नेपल्सवरील मोहिमेहून हे विमान लिबियाच्या किनाऱ्याजवळील सोलुख तळाकडे परतत होते. सापडले ते तळापासून सुमारे ७०० किलोमीटर आत, आग्नेयेला. हे कसे घडले?

मध्यरात्रीनंतर वैमानिकाने रेडिओवरून दिशा विचारली. जमिनीवरच्या केंद्राने कळवले, ‘तुम्ही ३३० अंशांवर, वायव्येला आहात.’ म्हणजे समुद्रावर. पण साध्या वलयाकार अँटेनाने फक्त एक रेषा कळते. विमान त्या रेषेवर पुढे आहे की मागे, हे कळत नाही. अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे, की विमान तेव्हा तळ ओलांडून बरोबर उलट बाजूला, १५० अंशांवर होते. अंधारात खालचे वाळवंट समुद्रासारखेच भासले असणार.

रात्री दोनच्या सुमारास इंधन संपत आल्यावर नऊ जणांनी हवाई छत्रीने उड्या मारल्या. एकाची छत्री नीट उघडली नाही. उरलेले आठ जण अर्ध्या बाटलीभर पाण्यावर वायव्येकडे चालत राहिले. सापडलेल्या रोजनिशीत १२ एप्रिलपर्यंतच्या नोंदी आहेत. कोणीही वाचले नाही. विमान मात्र आपोआप तरंगत दक्षिणेला उतरले होते. त्यात पाणी होते, अन्न होते.

हा धडा वर्गात करून पाहता येईल. ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचे केंद्र लागत असेल, तर ते लावून ट्रान्झिस्टर सावकाश गोल फिरवू. एका फेरीत आवाज दोनदा क्षीण होतो, अगदी समोरासमोरच्या दिशांना. मग मुलांना विचारू: केंद्र यांपैकी कोणत्या बाजूला? एकाच जागी उभे राहून उत्तर मिळणार नाही. दूरच्या दुसऱ्या जागेवरून आणखी एक रेषा काढली, तर दोन रेषांचा छेदनबिंदू ते देईल.

यंत्राने त्या रात्री खोटे सांगितले नव्हते. त्याने अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे माणसांनी गृहीत धरले.