राणीच्या बागेतला आमचा रविवार

शिमगा झाला, झाडांना पालवी फुटली आणि आमच्या बचत गटाने ठरवलं, यंदा एक रविवार राणीच्या बागेसाठी. मुलं, नवरे, सासूबाई अशा सगळ्यांना घेऊन आम्ही विरारहून निघालो. दादरला गाडी बदलली आणि पुढच्या चौथ्या स्टेशनवर, भायखळ्याला उतरलो.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी अनेक वर्षं दादरला भाजी विकली. पहाटेच्या गाडीने जायचं, पाटी रिकामी झाली की परतायचं. त्या म्हणाल्या, "दादरच्या पुढं कधी गेलेच नाही गं." विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. बाग त्याआधीच, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी उघडली होती. गाडी होती, बाग होती. आपल्या बायकांना सवड तेवढी नव्हती.

मुलांनी विचारलं, ही राणी कोण? ती इंग्लंडची व्हिक्टोरिया. तिच्या नावाची ही बाग गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांनी खुली केली. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी लोकांच्या तोंडी राणीची बागच.

सुरुवातीला ही बाग झाडांचीच होती. एका बागायती संस्थेने देशोदेशीची झाडं इथे लावली. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि १८९० मध्ये प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जागा जोडली गेली. आज गर्दी असते ती पेंग्विनपाशी. ते २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणले. आमची मुलंही तिकडेच धावली.

सासूबाई मात्र एका जाडजूड खोडापाशी थांबल्या. "ही गोरखचिंच. आपल्या वसईच्या किल्ल्यात आहे तसलीच." हे झाड मूळचं आफ्रिकेचं. पुढे संग्रहालयाजवळ घारापुरीचा दगडी हत्ती दिसला. आपल्या वसईवर राज्य केलेल्या पोर्तुगीजांनी याच हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. हत्ती १८६४ मध्ये मुंबईत आणला गेला.

या बागेत तीन हजारांवर झाडं आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायचा मोठा आराखडा आला, तेव्हा झाडांवर गदा येईल अशी भीती होती. मुंबईतल्या काही बायका एकत्र आल्या. त्यांनी झाडं न्याहाळली, त्यांची नोंद केली, अर्ज केले, लोकांना जागं केलं. पुढे आराखडा बदलला. त्या काही अधिकारी नव्हत्या. बागेत येणाऱ्या-जाणाऱ्या, तुमच्या-आमच्यासारख्याच.

झाडाखाली बसून भाकरी खाताना आमचं बोलणं आपल्या वाड्यांवर आलं. केळीच्या, फुलांच्या वाड्या जाऊन इमारती उठताना आपण रोज पाहतो. कुठलं झाड कुठे होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, गटाच्या वहीत हिशेबामागची चार पानं झाडांसाठी ठेवायची: झाडाचं नाव, जागा, आणि कुणी लावलं ते. पहिली नोंद सासूबाईंनी सांगितली, त्यांच्या आईने लावलेल्या फणसाची.

तुम्हीही जा. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते. आणि पेंग्विन पाहून झाले की जरा झाडांखालूनही फिरा.