गाण्याआडची घरघर

गाण्याच्या बैठकीत तानपुऱ्याचा अखंड नाद कोणाला टोचत नाही. उलट तो थांबला तर बैठक एकाएकी उघडी पडल्यासारखी वाटते. पण मोटारीत गाणे लावावे, गायिकेने हलकेच षड्ज धरावा आणि बैठकीखालून एक घरघर त्या षड्जाला चिकटून यावी, हा अनुभव निराळा. तोही एक तानपुराच म्हणायचा. फक्त तो कोणी जुळवलेला नसतो. ही घरघर असते ध्वनिवर्धकाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलीतल्या अँप्लिफायरला, गार ठेवणाऱ्या चिमुकल्या पंख्याची. मी शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझे यंत्रज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेले नाही. पण कोणतीही गोष्ट कुठून सुरू झाली, हे विचारण्याची खोड कादंबरीकाराला असतेच. तसा विचारत गेलो, तेव्हा त्या पंख्यामागे मोठी वंशावळ उभी असलेली दिसली. वाचकहो, फराळाचे ताट शेजारी ठेवून ती ऐकावी, एवढी ती रंजक आहे.

मूळपुरुष शिकागोचा. १९३० साली पॉल गाल्विन या कारखानदाराने आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ-व्यापाऱ्यांच्या मेळाव्याकडे ती गाडी हाकली. त्या रेडिओचे नाव त्याने ‘मोटोरोला’ ठेवले. त्या रेडिओवाल्यांची पहिली लढाई गोंगाटाशीच होती. एंजिनात ठिणगी पडली की रेडिओत तडतड होई. ती दाबण्यासाठी ठिकठिकाणी रोधक आणि कंडेन्सर जोडावे लागत. पुढे काचेच्या व्हॉल्व्हना लागणारा उच्च दाब गाडीच्या बॅटरीतून काढण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ आला. त्यात एक पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरे आणि तिची गुणगुण गाण्याच्या सोबतीला येई. पंखा मात्र कोणाला आठवलाही नाही. व्हॉल्व्ह तापूनच काम करतात, आणि आवाज होता दोन-चार वॅटचा.

मग ट्रान्झिस्टरचे राज्य आले. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला आणि १९५६ च्या क्राइस्लर इम्पीरियल गाड्यांसाठी फिल्को कंपनीने केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ तयार केला. किंमत दीडशे डॉलर. व्हायब्रेटर गेला, त्याची गुणगुण गेली. पण नव्या सुनेचा स्वभाव नाजूक निघाला. व्हॉल्व्हला उष्णतेचे काही वाटत नसे. ट्रान्झिस्टर तापला की अधिक वीज ओढतो, अधिक ओढली की अधिक तापतो, आणि वेळीच आवरला नाही तर स्वतःलाच जाळून घेतो. म्हणून त्याला अॅल्युमिनियमच्या पंखुड्यांचे कवच चढवले गेले. पंखुड्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता वाऱ्यावर सोडता येते.

इथवर सारे शांत होते. मग माणसाला मोठ्या आवाजाची हौस लागली. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार ओहमच्या स्पीकरला, कितीही युक्तीने जोडले तरी, सुमारे अठरा वॅटच मिळतात. हौस भागेना, तेव्हा ध्वनिवर्धकाच्या पेटीतच दाब वाढवणारे मंडल बसवण्यात आले आणि वॅटची गणती शेकड्यांवर गेली. आता हिशेब पाहा. जुन्या रीतीचा ध्वनिवर्धक शंभरातले साठ भाग आवाजाला देत असेल, तर चाळीस उष्णतेत जातात. म्हणजे दोनशे वॅटचे गाणे वाजवताना सव्वाशेहून अधिक वॅटची उष्णता! साठ वॅटचे दोन जुने दिवे बंद पेटीत पेटवून ठेवल्यासारखेच ते. आणि ही पेटी असते कुठे? बैठकीखाली नाहीतर डिकीत. जिथे वाऱ्याला शिरकाव नाही. तिथे पंखा आला.

पंख्याचे पहिले भांडण रेडिओशीच होते, कारण जुन्या मोटरींतल्या ब्रशांच्या ठिणग्या तडतड करीत. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी ब्रशाविना चालणारी विजेची मोटर मांडली. आजचे चिमुकले पंखे त्याच तत्त्वावर चालतात. ठिणगी गेली, राहिला तो वाऱ्याचा आवाज. सात पात्यांचा पंखा मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला साडेतीनशे वेळा पाते हवेला थप्पड मारते. हा सूर पेटीवरच्या पांढरी चारच्या अगदी शेजारी येऊन बसतो. मग गाण्याचे काय होत असेल, ते सांगायला नको.

त्यावरचा उपाय गणितात सापडतो. वाऱ्यातून आवाज कसा निपजतो, याचा पाया इंग्लंडच्या जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली घातला. पुढे पंखेवाल्यांच्या हाती एक ठोकताळा आला: पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्माच होतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो, म्हणजे त्याची शक्ती बत्तिसावा हिस्सा उरते. म्हणून लहान आणि धावरा पंखा काढावा, मोठा आणि संथ बसवावा. पात्यांच्या अगदी तोंडाशी जाळी नसावी; तिथे वारा शिट्टी घालतो. पंख्याचे कान रबरावर टेकवावेत, म्हणजे त्याचा थरथराट गाडीच्या पत्र्याला पोचत नाही. शिवाय उष्णता पाहून पंखा चालू करणारी कळ असावी. हळू गाण्यात उष्णता थोडी, तेव्हा पंखा गप्प. मोठ्या गाण्यात तो बोलला तरी ऐकतो कोण? खोच एवढीच, की गाणे संपले तरी धातू लगेच निवत नाही. मग शांततेत एकटा पंखाच बोलत राहतो.

काही उतावळे हा सारा खटाटोप टाळून पंख्याची तारच कापतात. त्या क्षणी मोठे सुख वाटते. पण पेटीतल्या कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा हिशेब आहे. वीस अंश वाढले की आयुष्य चतकोर! पहारेकऱ्याच्या खोकल्याने झोप मोडते म्हणून पहाराच उठवावा, तशी ही गत.

खरा उपाय वेगळ्याच दिशेने आला. जुना ध्वनिवर्धक म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि वेग ब्रेकने आवरायचा. ब्रेक तापणार नाही तर काय होईल? नव्या ‘डी’ वर्गात ट्रान्झिस्टर एकतर पुरता उघडा किंवा पुरता मिटलेला, आणि ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा. मधल्या ओढाताणीत जाणारी शक्ती वाचते. शंभरातले नव्वदही भाग हाती लागतात. क्लाइव्ह सिंक्लेअर या इंग्रजाने १९६४ सालीच असा संच बाजारात आणला होता, पण त्या वेळच्या ट्रान्झिस्टरांना ती चपळाई झेपली नाही. पुढे १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये जनरल मोटर्सच्या साथीने बोस कंपनीचा संच आला. तिचे संस्थापक अमर बोस हे भारतातून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. अशा उघडझापीच्या ध्वनिवर्धकाचा ध्यास त्यांनी फार आधीपासून घेतला होता. आज गाड्यांत ही रीत सर्वत्र रुळली आहे. उष्णताच थोडी, म्हणून पुष्कळ पेट्यांना पंखा लागतच नाही.

पण शांततेचा स्वभाव विचित्र आहे. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही यांनी रोल्स रॉइसची एक जाहिरात लिहिली. ताशी साठ मैलांच्या वेगातही या गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा, असा तिचा दावा होता. त्यात मोठा अर्थ आहे: मोठा आवाज गेला की त्याच्या मागे दडलेला लहान आवाज राजा होतो. एंजिनाची तडतड गेली तेव्हा व्हायब्रेटर ऐकू आला. जी घरघर एरवी एंजिनाखाली बुडून जाई, ती एंजिन शांत होताच वर आली. विजेच्या गाडीत तर एंजिनच नाही. तिथे एवढीशी कुरकूरही कानाला लागते. आणि गंमत अशी, की तीच गाडी रस्त्यावरच्या माणसाला ऐकू येईना, म्हणून युरोपात १ जुलै २०१९ पासून नव्या नमुन्यांच्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणे सक्तीचे झाले!

या साऱ्या खटपटीत मला भावते ती कारागिरांची चिकाटी. घरघरीवर गाणे मोठे करणे सोपे होते. पुष्कळांनी तेच केले आणि कान बधिर करून घेतले. काहींनी मात्र घरघर का होते, ती उष्णतेमुळे. उष्णता का होते, ती उधळपट्टीमुळे, असे एकेक पायरी उतरत मूळ गाठले. त्यांच्यामुळे आज गाडीत बसलेल्या आजोबांना, आवाज न वाढवता, गायिकेने सूर लावण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू येतो.