मॉरिशस : किनारा कुणाचा?

मॉरिशसची रील तुम्ही पाहिली असेलच. हेलिकॉप्टर निळ्या समुद्रावरून वळतं आणि समुद्राच्या पोटातच एक धबधबा कोसळताना दिसतो. खरं तर तिथे काहीच कोसळत नाही. उथळ भागातली वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल उतारावर घसरतात आणि वरून पाहणाऱ्याला ते पाणी पडल्यासारखं वाटतं. किनाऱ्यावर उभं राहिलं तर यातलं काही दिसत नाही. दिसण्यासाठी उंचावर जावं लागतं आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

त्याच रीलमध्ये कडेला एक उभा, काळा डोंगर दिसतो. कॅमेरा त्याच्यावर दोन सेकंदही थांबत नाही. त्या डोंगराचं नाव ल मॉर्न. उंची ५५६ मीटर. तीन बाजूंना समुद्र, उभे कडे आणि माथ्यावर जायला जेमतेम वाट. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथे लपत. डोंगरावरच्या गुहांमध्ये त्यांच्या मुक्कामाच्या खुणा सापडल्या आहेत. हे गुलाम मुख्यतः मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेले होते, काही भारतातूनही.

या डोंगराची एक गोष्ट मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. ही बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरून त्यांना पाहणाऱ्यांना वाटलं, आपल्याला पकडायलाच येताहेत. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. हे असंच घडलं याचा कागदोपत्री पुरावा नाही. ही लोकांनी जपलेली आठवण आहे. पण त्या दिवसाबद्दल कागद जे सांगतात, तेही फारसं वेगळं नाही. सुटका झालेल्या सुमारे ६६ हजार माणसांना लगेच मोकळं सोडलं गेलं नाही. ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना जुन्याच मालकांकडे आणखी काही वर्षं राबावं लागलं. ती सक्ती १८३९मध्ये संपली. नुकसानभरपाई मिळाली, तीही मालकांना : सुमारे वीस लाख पौंड.

आज १ फेब्रुवारीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि २००८पासून ल मॉर्न जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या वाळूचा किनारा आहे, आणि हॉटेलंही.

मोकळी जागा

मॉरिशसवर माणसाची वस्ती तशी अलीकडची. १५९८मध्ये डच खलाशी उतरले तेव्हा बेटावर कुणीही राहत नव्हतं. होतं ते एबनीचं दाट जंगल, आणि डोडो हा न उडणारा पक्षी. डचांनी एबनी तोडली. सोबत आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी पक्ष्यांची अंडी फस्त केली. सतरावं शतक संपायच्या आत डोडो संपला. १७१०मध्ये डच निघून गेले, १७१५मध्ये फ्रेंच आले आणि १८१०मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं.

म्हणजे इथला प्रत्येक माणूस बाहेरून आलेला. फरक एवढाच, की काही जण स्वतःहून आले आणि काहींना आणलं गेलं.

सोळा पायऱ्या

गुलामगिरी जाणार हे दिसू लागल्यावर ऊसमळ्यांच्या मालकांना नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज कोलकात्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचलं. गुलामांच्या जागी कराराने बांधलेले मजूर चालतात का, हे इंग्रजांना पाहायचं होतं. चालतात असं दिसल्यावर हीच पद्धत गयाना, त्रिनिदाद, नाताळ आणि फिजीपर्यंत गेली. एकट्या मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं उतरली. बहुतेक तिथेच राहिली.

पोर्ट लुईच्या बंदरात १८४९मध्ये त्यांच्यासाठी तळ बांधला गेला. तोच आजचा आप्रवासी घाट. बोटीतून उतरलेला माणूस सोळा दगडी पायऱ्या चढून आत जाई. तिथे त्याची नोंद होई, त्याला क्रमांक मिळे आणि एक-दोन दिवसांत त्याची रवानगी मळ्यावर होई. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ही दुहेरी कपात १९०९पर्यंत चालू होती. करार संपलेल्यालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो दाखवता आला नाही, तर ‘भटका’ म्हणून अटक.

आता किनाऱ्याचा विचार करा. बेट असं, की कुठूनही समुद्र तासाभराच्या गाडीप्रवासाहून लांब नाही. पण उसात राबणाऱ्या माणसाला परवान्याशिवाय मळ्याबाहेर पडणंच धोक्याचं होतं. आपण ज्या वाळूवर ‘सगळ्यापासून सुटका’ म्हणून जातो, तिथे पोहोचायची त्याला सोय नव्हती.

या मजुरांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले भोजपुरी बोलणारे सर्वाधिक. मद्रासकडचे तमिळ आणि तेलुगू होते. आणि मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले मराठीही होते.

कोकणातल्या माणसाला तिथला दगड ओळखीचा वाटला असेल का? भूशास्त्रज्ञ मानतात की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त झोताने दख्खनचा काळा कातळ ओतला, त्याच झोताने नंतर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस घडवलं. तोवर आपला भूखंड सरकत उत्तरेला निघून आला होता. पर्यटक शामारेलला सात रंगांची माती बघायला जातात. तोही बेसॉल्टच, पाण्यापावसाने कुजून लोहाच्या संयुगांनी रंगलेला. आपला जांभाही अशाच झिजेतून तयार होतो.

एक्याऐंशी मीटर

फ्रेंचांनी किनाऱ्यालगतची किमान ८१ मीटर रुंदीची पट्टी सरकारकडे राखून ठेवली होती. कारण सौंदर्य नव्हतं. शत्रूची जहाजं आली तर तोफा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न होता. ही राखीव पट्टी इंग्रजांच्या काळात टिकली आणि १२ मार्च १९६८ला देश स्वतंत्र झाल्यावरही टिकली. तोफा गेल्या. मग तीच जमीन भाडेपट्ट्याने आधी श्रीमंतांच्या बंगल्यांना आणि पुढे हॉटेलांना मिळत गेली.

कायद्याने मात्र भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे. हॉटेलला ती विकत घेता येत नाही. पण वाळू सगळ्यांची असली, तरी तिथवर जाणारी वाट हॉटेलच्या आवारातून असेल तर काय? मॉरिशसमध्ये हा वाद आजही पेटतो. एखादा सार्वजनिक किनारा हॉटेलला द्यायची चर्चा निघाली, की लोक रस्त्यावर येतात. त्यांच्या पणजोबांना परवान्याशिवाय फिरता येत नव्हतं, हे लक्षात घेतलं तर त्यांचा राग समजतो.

म्हणून मॉरिशसला गेलात, तर एक रविवार सार्वजनिक किनाऱ्यावर घालवा. फ्लिक ऑ फ्लाकला जा. सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं चटया टाकून बसलेली असतात. आपल्याकडे कोकणात दिसतात तीच ही सुरूची झाडं. तीही बाहेरून आणून लावलेली. भातांची पातेली उघडतात, कुणी डफासारखं ‘रावान’ वाजवायला लागतं आणि सेगा सुरू होतो. हे गाणं आणि हा नाच गुलामांनी जन्माला घातला. आता तो सगळ्या बेटाचा आहे.

आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास गेलात, तर सुट्टी असेल. मॉरिशसमध्ये त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घरात क्रेओल बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली माणसं गणपती घेऊन पाण्याकडे निघालेली दिसतील. जाखडीही अजून नाचली जाते.

हेलिकॉप्टरमधून तो धबधबाही जरूर पाहा. फक्त त्याआधी अर्धा दिवस काढून पोर्ट लुईच्या घाटावर जा आणि त्या सोळा पायऱ्या चढा. दोन मिनिटंही लागत नाहीत. मग ल मॉर्नच्या वाळूवर बसलात, की मागे वळून डोंगराकडेही बघाल.