आधी पाटी, मग कॉफी

कॉफी शॉप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? फर्ग्युसन रोडवरची किंवा बांद्र्यातली एसी जागा, एक कापुचिनो, एक लॅपटॉप आणि चार तास. पण मंडळी, १९५० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसमध्ये कॉफी शॉप म्हणजे चक्क भरपेट जेवायची जागा होती. अंडी, पॅनकेक, स्टेक, आणि मागाल तितक्या वेळा भरून मिळणारा कॉफीचा कप. बरीचशी चोवीस तास उघडी. आणि गिऱ्हाईक यायचं ते गाडीतून. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण तिथली निऑनची पाटी कशी निवडली आणि कुठे लावली याचं सगळं उत्तर त्यातच आहे.

निऑनची पूर्वपीठिका थोडक्यात. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या दोघांनी १८९८ साली लंडनमध्ये हा वायू शोधला. हवेच्या एक लाख भागांत तो जेमतेम दोन भाग असतो, त्यामुळे बरीच वर्षं त्याचं करायचं काय हा प्रश्नच होता. जॉर्ज क्लोद या फ्रेंच इंजिनियरचा धंदा हवा थंड करून तिचा द्रव बनवण्याचा, म्हणजे निऑन त्याच्याकडे उरलेल्या मालासारखा पडून होता! १९१० च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात त्याने बारा-बारा मीटर लांबीच्या दोन लालभडक नळ्या पेटवून दाखवल्या. १९१२ मध्ये पॅरिसच्या एका केशकर्तनालयावर पहिली धंदेवाईक निऑन पाटी लागली. (पुढे दुसऱ्या महायुद्धात हे महाशय नाझींच्या बाजूने उभे राहिले आणि १९४५ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. असो, तो वेगळा विषय.)

पॅरिसमधली पाटी पायी चालणाऱ्यासाठी होती. लॉस एंजेलिसमध्ये वाचणाराच बदलला. जरा आपल्या सवयीचं गणित करून पाहू. गाडीचा वेग ताशी ३५ मैल, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपंधरा मीटर. पाटी दिसणं, वाचणं, "भूक लागलीय का रे?" असं शेजारच्याला विचारणं, लेन बदलणं आणि वळणं, याला आठ सेकंद धरू. म्हणजे पाटी सव्वाशे मीटरवरून वाचता आली पाहिजे. पाट्या बनवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. त्या हिशोबाने अक्षर झालं एक्केचाळीस इंच, म्हणजे मीटरभर उंच! दारावर एवढी पाटी मावणार कुठे? आणि दारावरची पाटी रस्त्याला समांतर असते, ती समोर आल्यावर कळते, तोपर्यंत गाडी पुढे गेलेली. म्हणून पाटी छपराच्या वर गेली, रस्त्याला काटकोनात उभी राहिली. खालची इमारत बुटकी आणि पाटी उंच. दुकानाला पाटी लावण्याऐवजी पाटीलाच दुकान जोडलंय असं वाटावं, असं हे सगळं प्रकरण.

१९४९ साली जॉन लॉटनर या वास्तुकाराने सनसेट बुलेवारवर 'गूगीज' नावाचं कॉफी शॉप बांधलं. (त्या प्रसिद्ध सर्च इंजिनशी काही संबंध नाही बरं का :) ) डग्लस हॅस्केल या समीक्षकाने १९५२ मध्ये या भडक शैलीची टिंगल करत तिला 'गूगी' हे नाव दिलं, आणि नाव चिकटलं. मला विचाराल तर टिंगल अन्यायाची होती. ती पाटी ज्या प्रश्नाचं उत्तर होती, तो प्रश्न समीक्षकांना पडलाच नव्हता.

या शैलीतली सगळ्यात पक्की जोडी म्हणजे आर्मेट आणि डेव्हिस यांची फर्म. तिथे हेलन लिऊ फाँग ही लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये वाढलेली डिझायनर काम करायची. ला सिएनेगा बुलेवारवरचं 'नॉर्म्स' (१९५७) आणि तिथून दक्षिणेला विमानतळाच्या बाजूचं 'पॅन्स' (१९५८) ही या फर्मची कामं. नॉर्म्सची पाटी म्हणजे एका अक्षराला एक अशा पाच टोकदार फळ्या. दिवसा रंगवलेला पत्रा दिसतो आणि रात्री निऑन. शिवाय पुढची भिंत काचेची, म्हणजे रात्री आतले दिवे, टेबलं आणि बसलेली माणसं हीसुद्धा पाटीच. आत गर्दी आहे हे रस्त्यावरून दिसणं, यासारखी जाहिरात नाही.

आता ही नळी बनते कशी ते सांगायलाच हवं. काचेची नळी ज्योतीवर तापवून हातानेच वाकवतात, तीही खाली ठेवलेल्या उलट्या अक्षरांच्या नकाशावर. मग हवा काढून वायू भरायचा आणि १५ हजार व्होल्टपर्यंतचा दाब द्यायचा. शुद्ध निऑन फक्त लाल-नारिंगी. निळ्यासाठी आरगॉन आणि थोडा पारा, बाकीच्या रंगांसाठी नळीला आतून लेप किंवा काचच रंगीत. दोन अक्षरांमधला नको असलेला भाग काळ्या रंगाने झाकतात. हे कळल्यावर मी कागदावर पेन न उचलता देवनागरीत 'कॉफी' लिहायचा प्रयत्न केला. शिरोरेखा फार मदत करते हो, पण 'कॉ'वरचा चंद्र सुटाच राहतो. तिथे काळा रंग लागणारच!

युद्धानंतर प्लॅस्टिकच्या, आतून ट्यूबलाइट लावलेल्या पाट्या स्वस्तात मिळू लागल्या आणि निऑन मागे पडलं. गूगीज १९८९ मध्ये पाडलं. नॉर्म्सवरही २०१५ मध्ये ती वेळ आली होती; पाडायचा परवाना निघाल्याची बातमी आली, लोकांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी शहराने इमारतीला वारशाचा दर्जा दिला.

आजच्या कॉफी शॉपमध्ये बहुतेक वेळा पाटी आतल्या भिंतीवर, सोफ्यामागे असते. कारण गिऱ्हाईक फोनवरचा नकाशा बघून आलेलं असतं, आणि पाटीचं काम त्याच्या फोटोत येणं एवढंच. दोन मीटरवरून वाचायला त्याच ठोकताळ्याने पाऊण इंची अक्षर पुरतं! तिथे एलईडीची सिलिकॉन पट्टी चालते: हलकी, स्वस्त, फुटत नाही, व्होल्टेज कमी. पण रस्त्यावरून दिसायची पाटी हवी असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मी काचेच्या बाजूचा.

टिकण्याचं म्हणाल, तर लॉस एंजेलिसमध्येच क्लिफ्टन्स नावाचं कॅफेटेरिया होतं, १९३५ सालचं. मधल्या काळात कोणीतरी तळघरातल्या निऑनसमोर भिंत घातली आणि सगळे विसरून गेले. २०१२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती भिंत काढली. आत नळी पेटलेलीच होती, अंदाजे ७७ वर्षं.